पुसलेला बैल
ओल्या फडक्याला राखेचा वास आला की मला तो मातीचा बैल आठवतो. परळीच्या घरात खिडकीपाशी मी त्याला जरा जरा सरकवत फोटो काढत होते. फोटो जोडले की पडद्यावर बैल चालणार होता. जवळच्या थर्मल वीजकेंद्राची राख खिडकीतून येऊन त्याच्या पाठीवर साचत गेली. मी जेवायला उठले, तेवढ्यात आईनं रोजच्या सवयीनं टेबलाबरोबर बैलही लख्ख पुसला. मी तसंच पुढं फोटो काढत राहिले. पुण्यातले अ‍ॅनिमेशन शिकवणारे आमचे सर फिल्म बघून म्हणाले, "राख मध्येच गायब होते. पुन्हा कर, नाहीतर स्पर्धेला पाठवणार नाही." मी म्हटलं, "न्हाई करणार सर. आमच्याकडं असंच हाय. राख पडती, आई पुसती, परत पडती." फिल्म गेली नाही. आजही कुणी ती चूक दाखवली की मी म्हणते, आधी राख बंद करा, मग बैल दुरुस्त करते.