बाद म्हणजे बाद

त्या हायस्कुलात ग्रंथपाल बाईंना सगळे 'शूबाई' म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी कुणाची छाती नाही. ती नुसतं ओठांवर बोट ठेवते आणि दहावीतली दांडगी पोरंसुद्धा जागच्या जागी गार होतात. घरी मात्र ती धाकटी. तिच्या थोरल्या भावाचं बॅटऱ्यांचं दुकान आहे आणि शिक्षण सातवी, तेही ढकलून ढकलून. पण बॅटरी विकता विकता तो गिऱ्हाइकाला ऐकवतो, की पुस्तकं वाचणारे पुष्कळ असतील, पण पोरांना वाचायला बसवणारी या गावात एकच, आणि ती आपल्या पाठची बहीण. ज्याला हे पटत नाही त्यानं बॅटरी दुसरीकडून घ्यावी.

यंदा शाळाशाळांच्या वाचनस्पर्धेची पात्रता चाचणी ऑनलाइन घ्यायचं ठरलं. ती चालवायला कोण तयार, असं विचारल्यावर सगळ्या शाळांचे मास्तर आणि बाया छताकडे बघायला लागल्या. शेवटी काम धाकटीच्या गळ्यात पडलं. एका शाळेचा एक संघ, संघात चार जण, चौघांना मिळून एक कॉम्प्युटर. नेमून दिलेल्या पुस्तकांतले उतारे आणि त्यावर प्रश्न. पहिले काही संघ अंतिम फेरीला जाणार, बाकीचे घरी.

काम करायला कुणी पुढं आलं नव्हतं, नावं ठेवायला रांग लागली. टेकडीवरच्या शाळेच्या मॅडमनी तर सगळ्यांच्या ग्रुपवरच लिहिलं, "परीक्षा घेणार त्याच, संघही त्यांचाच. निकाल आत्ताच सांगून टाका, मुलांचा वेळ वाचेल."

हे धाकटीला मिरचीसारखं झोंबलं. तिनं कॉम्प्युटरच्या सरांना गाठून दोन गोष्टी करून घेतल्या. एक, बराच वेळ कुणी बटण दाबलं नाही की त्या संघाचं पान आपोआप बंद. कारण तिला मास्तर लोक पक्के ठाऊक होते. टेबलाखाली पुस्तक उघडून उत्तरं हुडकायला लावणारे त्यातलेच. दुसरी गोष्ट, पान बंद झालं की संघ बाद. परत आत घ्यायचं बटण फक्त तिच्या स्क्रीनवर, आणि तेही वीज गेली तरच दाबायचं. नियम सगळ्यांना पाठवले. सगळ्यांनी ग्रुपवर अंगठे टाकून मान डोलावली, टेकडीवरच्या मॅडमनीसुद्धा.

आता मुख्याध्यापकांचं. त्यांचा डोळा होता ग्रंथालयाच्या खोलीवर. कोपऱ्यातली, उजेडाची, दोन्हीकडून वारा येणारी खोली. तिथं त्यांना पाहुण्यांसाठी बैठक करायची होती, सोफा टाकून. स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत ते म्हणाले, की संघ अंतिम फेरीला गेला तर खोली तुमची. नाही गेला तर पुस्तकांचं काय हो, ती कुठंही राहतात. धाकटी म्हणाली, मान्य. थोरल्यानं ऐकलं तेव्हा तो म्हणाला, आपल्या घराण्यात नमतं घ्यायचं हाडच नाही. तसा तो मनातून घाबरला होता, पण ते दाखवणारा तो नव्हे.

तिचा संघ म्हणजे चार पोरी. तिघी तरतरीत, चौथीला सगळे कासव म्हणायचे. ती एकेक ओळ चावून चावून वाचायची. पण वाचलेलं तिच्या डोक्यातून काही केल्या निघत नसे. हिला काढा, दुसरी घ्या, असं तिघींच्या आयांनी येऊन सुनावलं होतं. धाकटीनं तिघींच्या आयांना दाराबाहेरूनच वाटेला लावलं. आणि पोरींना सवय लावली, की टेबलावरचं पान चौघींचं वाचून होईपर्यंत उलटायचं नाही. घाई झालीय त्यांनी खिडकीबाहेर बघावं. वर्षभर पोरी तशाच वाचत आल्या.

चाचणीच्या दिवशी धाकटी ग्रंथालयात आपल्या स्क्रीनपुढं बसली. आपल्या पोरींना मुद्दाम दुसऱ्या टोकाच्या कॉम्प्युटरच्या खोलीत ठेवलं आणि राखणीला चित्रकलेचे सर. उगाच कुणाला बोलायला जागा नको. स्क्रीनवर प्रत्येक शाळेपुढं हिरवा ठिपका. थोड्या वेळानं टेकडीवरच्या शाळेचा ठिपका लाल झाला आणि पाठोपाठ फोन वाजला.

मॅडम म्हणाल्या, मुलं विचार करत होती, पान बंद झालं, उघडा. हिनं विचारलं, वीज गेली का? वीज गेली नव्हती. मग बाद म्हणजे बाद, ही म्हणाली. मॅडमनी फोनवर तिचं शिक्षण काढलं, पगार काढला, शेवटी खानदान काढलं. खानदान काढल्यावर हिनं फोन ठेवला.

फोन खाली ठेवते न ठेवते तोच आपल्याच शाळेचा ठिपका लाल.

चित्रकलेचे सर धापा टाकत आले. लांबलचक उतारा आला होता. तिघींचा वाचून झाला, कासवाचा चालू होता. तिघी सवयीप्रमाणे हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसल्या. कुणी बटणाला बोट लावलं नाही, आणि पान बंद झालं. आता पोरी तिथं रडतायत, सर म्हणाले.

पान बंद करायला लावणारी धाकटीच आणि थांबायला शिकवणारीही तीच. दोन्ही गोष्टी एकमेकींना अशा भिडतील हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तेवढ्यात मुख्याध्यापक आले. त्यांनी दार लावून घेतलं.

"बटण दाबा," ते म्हणाले. "वीज गेली होती असं मी लिहून देतो."

"पंखा फिरतोय, सर."

"बाई, शाळेचा मान जातोय. तुमची खोलीही जातेय, विसरलात?"

"विसरले नाही. आत्ताच टेकडीवरच्यांना नाही म्हटलंय. आता हे बटण दाबलं, तर त्या बाईनं माझ्या घराण्याबद्दल जे काढलं ते खरं ठरेल."

मुख्याध्यापक म्हणाले, पोरींच्या नशिबाशी तुमचा अहंकार खेळतोय. तिनं ओठांवर बोट ठेवलं. साक्षात मुख्याध्यापकांपुढं! ते लालबुंद होऊन निघून गेले, आणि बाकीच्या संघांची चाचणी तिनं शेवटपर्यंत पार पाडली.

निकाल लागला. दोन्ही शाळा बाद. टेकडीवरच्या मॅडमचा पुन्हा फोन आला. म्हणाल्या, निकालावर आमची हरकत नाही, तुमच्यावर कायम राहील. ही म्हणाली, राहू द्या.

कासवाचं बोलणं मात्र लागलं. ती पोरगी दारात येऊन म्हणाली, "बाई, तुम्ही त्यांना सांगायला हवं होतं, हिच्यासाठी थांबू नका म्हणून." धाकटी म्हणाली, तसं सांगायचं असतं तर तुला संघात घेतलंच नसतं. पोरीचं समाधान झालं नाही. पुढं कितीतरी दिवस ती पुस्तक बदलायला आली नाही.

खोली गेली. तिघींच्या आया येऊन जे बोलायचं ते बोलून गेल्या. कपाटं हलवायला थोरला दुकान बंद करून आला, मुख्याध्यापकांना चार शब्द सुनवायचे म्हणून बाह्या सरसावूनच. धाकटी म्हणाली, दादा, तोंड नको चालवूस, कपाट उचल. कुठं ठेवायचं हे सरांनी सांगितलंच नव्हतं. कुठंही राहतात, एवढंच म्हणाले होते. म्हणून तिनं कपाटं त्यांच्या ऑफिससमोरच्या व्हरांड्यात मांडली. तेवढीच जागा रुंद होती. थोरला आजही सांगतो, की ती जड कपाटं त्यानं एकट्यानं ओढली, शिपाई नुसते बघत होते.

मधल्या सुट्टीत आता तिथं पोरं मांड्या घालून वाचत बसतात. मुख्याध्यापक अंग चोरून, पोरांचे पाय चुकवत आत शिरतात. नवीन सोफ्यावर एकदा एक पाहुणे येऊन बसले, तेही उठून व्हरांड्यात पुस्तकं चाळायला गेले. परवा सरांनी सगळ्यांसमोर फर्मावलं, की ही अडगळ वाटेतून हलवा, माणसानं जायचं कसं?

धाकटीनं रजिस्टरमधून मान वर केली नाही.

"थांबा जरा," ती म्हणाली. "त्या मुलाचं पान वाचून होऊ द्या."