ठकूमावशींच्या नऊ पिशव्या

घोडेगावच्या आमच्या कार्यालयातून औषधाची पिशवी बाहेर पडायची ती ठकूमावशींच्या एका प्रश्नाचं उत्तर दिल्यावरच. पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून त्या विचारायच्या, "हिच्यात कोन हाय?" काय आहे, असं नाही; कोण आहे. न्यायला आलेल्या आरोग्यताईने मग माणसं सांगायची. जुलाब लागलेलं धोंडूचं पोर, आठवा महिना लागलेली सखू, पायाची जखम चिघळलेले म्हादूबाबा. एखादं नाव राहिलं तर पिशवी मिळत नसे. "आदी मानूस डोळ्यांम्होरं आन, मंग उचल," म्हणायच्या. आमच्या जीपचा ड्रायव्हर वैतागायचा. "मावशी, औषधं चाललीत का वऱ्हाड?" म्हणायचा. पण त्यालाही सुटका नव्हती. त्यालाही नावं सांगावी लागत.

मी कळंबचा. घरची शेती पाटाच्या पाण्यावरची, त्यात मला गती नाही, म्हणून बी.कॉम. होऊन नव्वदच्या दशकात या संस्थेत कार्यालय सांभाळायला लागलो. शिनोलीच्या पुढे, भीमाशंकरच्या डोंगररांगेत वसलेल्या नऊ वाड्यांवर संस्थेचं काम चाले. प्रत्येक वाडीत तिथलीच एक बाई आरोग्यताई म्हणून शिकवून तयार केलेली. लोकांना गोळी देणारी ताई दिसे. ती गोळी तिच्या हातात येईपर्यंत मागे कोण किती राबलं, ते कुणाला दिसत नसे आणि कुणी विचारतही नसे. निराधार म्हाताऱ्यांचे अर्ज, पोरांचे आश्रमशाळेचे दाखले, आजाऱ्याला तालुक्याला न्यायला जीप, हे सगळं त्या मागच्या खोलीतून हलायचं, आणि त्या खोलीत ठकूमावशी असायच्या. मस्टरवर त्यांचं पद 'मदतनीस' होतं. नावापुढे सहीच्या जागी अंगठा. तो मीच घ्यायचो, दर महिन्याला.

त्या बेलवाडीच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून भावाच्या आधाराने राहिलेल्या आणि पुढे घोडेगावात कामाला आलेल्या. नऊ वाड्यांच्या नऊ पिशव्या त्यांनी स्वतः शिवल्या होत्या आणि प्रत्येक पिशवी त्या त्या वाडीच्या आरोग्यताईच्या जुन्या लुगड्याची. बेलवाडीची हिरवी, कोंडवाडीची जांभळ्या काठाची. डोळे मिटून हात लावला तरी सांगतील, ही कुठली. खुंट्यांवर टांगलेल्या त्या नऊ पिशव्यांमुळे आमची औषधाची खोली बोहारणीच्या दुकानासारखी दिसायची, आणि मला त्याची लाज वाटायची. खरं सांगतो, लाजच वाटायची.

त्या वर्षी बेलवाडीच्या पिशवीत मावशींच्या भावाची मुलगी होती. चंद्रा. वय वीस-बावीस, पदरात दीड वर्षाची मुलगी, आणि छातीत क्षय. फेब्रुवारीत तिला डोलीतून खाली आणलं तेव्हा तिच्याकडे बघवत नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या. मे महिन्यात ती स्वतःच्या पायांनी रस्त्यापर्यंत उतरून आली. मावशींनी तिला माझ्या टेबलासमोर उभं केलं. "बगा भाऊ, हाडावर मास आलंय का न्हाई?" संस्थेच्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं की अजून तीन महिने एकही दिवस गोळी चुकता कामा नये. चुकली तर रोग उलटतो आणि मग त्याच गोळ्यांना दाद देत नाही. मावशींनी ते पाठ केलं होतं. येईल त्याला ऐकवायच्या.

डोंगरात पावसाळा म्हणजे वाट बंद. ओढे चढतात, एस.टी. निम्म्यावरून परत फिरते. म्हणून मेअखेरीला पावसाळ्याच्या औषधांची बेगमी एकदम वर पाठवायची, अशी पद्धत होती. त्याच सुमारास संस्थेला मदत देणारे पाहुणे काम बघायला येणार, असं कळलं आणि माझ्या अंगात वारं शिरलं. मी पत्र्याच्या नऊ पेट्या करून घेतल्या, एकसारख्या निळ्या. वर पांढऱ्या रंगात वाड्यांची नावं. झाकणाच्या आतून औषधांची टाइप केलेली यादी चिकटवली. पिशव्या काढून गाठोड्यात बांधल्या. पेट्या फळीवर ओळीने मांडल्या आणि मावशींना एकदा वाचून दाखवल्या. खिडकीकडून पहिली बेलवाडी, मग ही, मग ही. त्यांनी मान हलवली. बोटाने फळीवर एकेक जागा चाचपून बघितली. "लई झ्याक झालं," म्हणाल्या. त्यांना वाचता येत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पाहुणे यायच्या सकाळी माझ्या मनात आलं, की भिंतीवरच्या नकाशात वाड्या ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने खाली पेट्या असाव्यात. समजावून सांगायला बरं पडेल. मी एकट्याने पाच मिनिटांत रिकाम्या पेट्या हलवल्या. पाहुणे आले, खूश झाले, फोटो काढून गेले. पेट्या हलवल्याचं मावशींना सांगायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी जागा आठवून आठवून पेट्या भरल्या. चंद्राच्या लाल कॅप्सूल आणि गोळ्या सगळ्यांत आधी, खिडकीजवळच्या पेटीत. त्या पेटीवर आता कोंडवाडीचं नाव होतं.

जीप आली तेव्हा मावशी पेटी कवटाळून ड्रायव्हरला विचारायला लागल्या, "हिच्यात कोन हाय?" मी आतून ओरडलो, "मावशी, सगळं आत लिहिलंय. आता नावं विचारायची गरज नाही." त्यांनी पेटी खाली ठेवली. ड्रायव्हर हसला. मलाही बरं वाटलं, की चला, संस्थेला एकदाची शिस्त लागली.

बाकीच्या आठ वाड्यांना तापाजुलाबाचीच औषधं होती, त्यामुळे त्यांच्यातली अदलाबदल कुणाला कळलीही नाही. बेलवाडीच्या ताईने यादीत क्षयाच्या गोळ्या वाचल्या, पेटीत शोधल्या, मिळाल्या नाहीत. मागाहून येतील म्हणून ती थांबली. मग दोनदा खाली यायला निघाली, पण ओढा उतरू देईना. कोंडवाडीच्या ताईला यादीत नसलेल्या गोळ्या सापडल्या. परक्याची वस्तू म्हणून तिने त्या फडक्यात बांधून जपून ठेवल्या. पाऊस ओसरला की परत करू. दोन वाड्यांच्या मध्ये डोंगराची एकच सोंड होती. निरोप आमच्यापर्यंत पोचायला सात आठवडे लागले.

ड्रायव्हर आणि मी भर पावसात चालत गोळ्या घेऊन गेलो. चंद्रा पुन्हा अंथरुणाला खिळली होती. गोळ्या सुरू केल्या, पण त्यांनी काम केलं नाही. भाताच्या कापणीला माणसं खाचरात असताना ती गेली.

नंतर कार्यालयात बैठक झाली. पेट्या कुणी भरल्या, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. "म्या भरल्या," त्या म्हणाल्या. "जागा माज्या चांगल्या ध्यानात व्हत्या. तरीबी माजीच चूक झाली. म्या माज्या हातानं पोरगी मारली." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पेट्या हलवल्याचं मला एकट्यालाच माहीत होतं. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. मी समोरच्या कागदावर रेघा ओढत बसलो. पुढे अहवाल लिहिला तेव्हा 'वाहतुकीतील अडचणी' असे शब्द घातले. मावशींचं नाव लिहिलं नाही. लिहिलं असतं तर चौकशी झाली असती आणि ती माझ्यापर्यंत आली असती.

त्यानंतर मावशींनी औषधाच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. झाडलोट करायच्या, चहा ठेवायच्या. कुणी सहज गोळी मागितली तरी हात मागे घ्यायच्या. "मला नगं सांगू. माजा हात चांगला न्हाई." वर्षभराने काम सोडून गेल्या. पुढे दोन-तीन वर्षांत संस्थेची मदत थांबली. मी मंचरला एका पतसंस्थेत लागलो, लग्न केलं, घर बांधलं. बेलवाडीला जाऊन सांगावं, असं दर पावसाळ्यात वाटायचं. पावसाळा संपला की वाटायचं थांबायचं.

मावशी गेल्याचं मला बाजारात भेटलेल्या बेलवाडीच्या माणसाकडून कळलं. तोवर रस्ता वरपर्यंत झाला होता. तेराव्याला गेलो. त्यांचा भाऊ, चंद्राचा बाप, ओटीवर बसला होता. पार थकलेला. चंद्राची मुलगी आत पानं मांडत होती, बारा-तेरा वर्षांची झाली होती. म्हाताऱ्याने मला ओळखलं आणि उठून शेजारी बसवलं.

"धाकली बहीन माजी," तो म्हणाला. "पर म्या तिच्या हातचं पानी न्हाई पेलो शेवटापत्तुर. पल्याडच्या खोपटात ऱ्हायची. नातीला शिवू दिलं न्हाई तिला. जाताना बोलवत व्हती, तरी न्हाई गेलो." त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुमचं लई सांगायची. म्हनायची, भाऊंनी माजं नाव कुटं लिवलं न्हाई. एवढी मोटी चूक माजी, पर त्यांनी पोटात घातली. तेवढं एकच मानूस तिचं व्हतं बगा."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. ओटीवर आम्ही दोघंच होतो. आतून मुलीने हाक दिली, "आज्या, पावन्यांना घिऊन या." म्हाताऱ्याने हाताला धरून मला आत नेलं आणि पहिल्या पानावर बसवलं. मुलीने भात वाढला, वरून गुळवणी घातली. मी जेवलो.