वेगळा वेल

"हा दुधी गाईला घाल गं. हाडांवर वाढलाय."

आई मोलकरणीला हळूच म्हणाली, पण आमच्या परसातली भिंत जेमतेम खांद्याएवढी होती. पलीकडे शेजारची चाची वाकून शेंगा तोडत होती. तिचा हात थांबला. मग ती तशीच वाकून, बांगड्यांचा आवाज होऊ न देता, घरात गेली. मी जाईच्या मांडवाआड होते. मान वर करायची मलाच चोरी झाली.

लढाईचे दिवस होते. नगरात भाजी महाग, आणि सरकार सांगत होतं, परसात भाजी लावा. चाचीला हे कुणी सांगायची गरज नव्हती. चाचा कॅम्पात सैनिकांचे कपडे शिवायचे आणि चाची हाताला लागेल ते मातीत घालायची. शेण, राख, चहाची पत्ती, सुती चिंध्यासुद्धा. शुक्रवारी मटणाची हाडं चुलीत भाजून दगडावर कुटायची. ती ठकठक आमच्या माजघरात ऐकू यायची. "मातीला समदं पचतं, बेटा," ती भिंतीवरून मला सांगायची आणि हात झटकायची.

तुम्ही तिचे दुधी पाहायला हवे होते. पोर कडेवर घ्यावं तसा एकेक घेऊन यायची. "वैनी, कवळा हाय. नख लावून बघा." आई नख लावायची, तोंड भरून कौतुक करायची. शेजारणीची टोपली रिकामी पाठवू नये, म्हणून तीत गुळाचा खडा ठेवायची. दुधी मात्र गाईला जायचा.

आई काही दुष्ट नव्हती. चाचीला टायफॉइड झाला तेव्हा तिच्या उशाशी आईच बसली होती. पण आमच्याकडे दुधीचा नैवेद्य व्हायचा, आणि हाडं ती हाडंच.

आईनेही वेल लावला होता, पण त्याची फळं बोटाएवढी होऊन गळत. तिची हळहळ ऐकून बाबांनी पुण्याहून खताचं एक पोतं आणलं. जेवताना ते मला इंग्रजीत म्हणाले, ही हाडांची पूड आहे, आईजवळ बोलू नकोस. बाबा वकील होते. आईला कळू नये असं काही असलं की घरात इंग्रजी निघे. माझी इंग्रजी शाळा जणू त्यासाठीच होती. मी मान हलवली. आईने ती पूड जुन्या चाळणीने चाळून घेतली. "कसं पिठासारखं स्वच्छ आहे बघ! याला म्हणतात शुद्ध खत."

जाईआडून ऐकलं त्यानंतर आठवडाभर चाची भिंतीशी आली नाही. मग एके दिवशी तिनं मला हाक मारली. भिंतीलगतच्या चुनखडीत तिनं नवं आळं केलं होतं.

"हे तुमचं. ह्याला नुस्तं शेण न् राख. खुरपंसुदिक येगळं ठेवलंय, बघ."

खुरप्याच्या मुठीला हिरवी चिंधी बांधली होती. 'मातीला समदं पचतं' हे मात्र तिच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही.

चाचीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिची आठवण आली की ते कडेवरचे दुधी डोळ्यांपुढे येत नाहीत. दिवाळीच्या तोंडावर तिनं ओढणीखाली झाकून आणलेला एक दुधी येतो. वीतभर, वाकडा, एका बाजूनं पिवळा पडलेला.

"वैनी, तुमच्या आळ्याचा हाय. अल्लाकसम, शेणाबिगर काय न्हाई घातलं."

गाईला घालायचं ते बोलणं चाचीने ऐकलं होतं, हे आईला त्या क्षणी कळलं. ती गोरीमोरी झाली आणि गडबडीत भलतंच बोलून गेली. "अहो, एवढा त्रास कशाला घेतलात? आता आमच्याच वेलाला लागतात की. हा बघा, शुद्ध खतावरचा."

ओसरीवर आईचा दुधी होता, चांगला हातभर लांब. चाचीनं सवयीनं नख लावायला हात पुढे केला. मग काय आठवलं कोण जाणे, तो मध्येच मागे घेऊन ओढणीत लपवला.

"माझ्याच हाताला बरकत न्हाई, वैनी," ती खाली बघत म्हणाली, आणि तो वाकडा दुधी पायरीवर ठेवून निघाली.

बाबांनी आरामखुर्चीत वर्तमानपत्र जरा वर धरलं. मला काही बोलायचं झालं की वाक्य आधी मनात इंग्रजीत जुळायचं, मग मराठीत, आणि तोवर माणसं निघून गेलेली असायची. चाची फाटकापाशी पोचली होती. तिनं कडीला हात घातला.

"चाची," मी म्हणाले, "आमच्या वेलालाही हाडंच घातली आहेत."