चिंतामण पागनीसांचे पावणेचार कोटी

चिंतामण पागनीसांचे विलायतेत पावणेचार कोटी पडून आहेत आणि हा माणूस भोक पडलेल्या बनियानवर हिंडतो, सख्ख्या बहिणीला भिंत धरून लंगडत ठेवतो, अशी बातमी इंदुरातल्या समस्त पागनीस मंडळींत फिरते आहे. सांगणारा आधी इकडे-तिकडे बघतो, मग आवाज खाली आणतो. "सगळं फॉरेनमध्ये आहे, भिया. कोणाला पत्ता नाही." ऐकणारा "हौ?" म्हणतो आणि पुढच्या घरी जाऊन त्याचे पाच कोटी करतो.

यातलं बनियानचं भोक खरं. बाकी सगळी थाप. कोटी नव्हते, लाख होते. आणि लाखाचे कोटी झाले ते कचरागाडीमुळे.

चिंतामणकाका पीथमपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. मूळ कंपनी विलायतेची, म्हणून दर वर्षी पगारातून थोडे कापून लंडनच्या बाजारातले चार-दोन शेअर नावावर पडत. रिटायर झाल्यावर लोक भजनाला बसतात, काका लॅपटॉपला बसले. घरखर्चाचं सॉफ्टवेअर घेतलं. दूध, वीज, बँक, म्युच्युअल फंड, सगळं त्यात. इथल्या फंडांचे भाव ते आपले आपण ओढून आणतं. लंडनचा भाव मात्र हाताला धरून आणावा लागतो. वेबसाइटवरून फाइल उतरवायची, सॉफ्टवेअरच्या पोटात ढकलायची. त्यात एक गोम होती. लंडनवाले शेअरचा भाव पाउंडात सांगत नाहीत, पेन्समध्ये सांगतात. शंभर पेन्सचा एक पाउंड. सॉफ्टवेअर बिचारं भोळं, ते प्रत्येक आकड्याला पाउंड समजतं. म्हणून काका आधी भाव आत घ्यायचे आणि मग त्या ओळीवर जाऊन शंभराने भागायचे. मधली दोन मिनिटं रोज सकाळी ते करोडपती असत.

"बेबीताई, चहा टाक! आत्ता श्रीमंत आहे मी!"

"मी गॅसपाशी पोचेपर्यंत गरीब होशील, मेल्या."

बेबीताई ही काकांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून त्यांच्याकडेच असते. खुब्याचं हाड झिजलेलं, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गेल्या रंगपंचमीपासून तिने रस्ता पाहिला तो गॅलरीतूनच. पलासियाच्या डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं, सांधा बदला, नाहीतर वर्षभरात पलंग धराल. खर्च तीन लाख. भाऊ तीन. एकेक लाखाचा वाटा फोनवर ठरला आणि नक्की करायला दोघे धाकटे एका रविवारी सकाळी आले.

मधला देवेंद्र. देपालपूर रोडला प्लॉट विकतो आणि दर वाक्याला छातीवर हात ठेवतो. धाकटा भूषण. पलासियात कोचिंग क्लास चालवतो आणि घरातही फळ्यासमोर उभा असल्यासारखा बोलतो. दोघे सोफ्यावर टेकले तेव्हा काकांनी नुकताच लंडनचा भाव आत घेतला होता. भागाकार बाकी होता. तेवढ्यात खाली कचरागाडीचं गाणं लागलं. इंदूरचा माणूस एक वेळ बायकोच्या हाकेला उशीर करेल, गाडीला करणार नाही. काका लॅपटॉप तसाच उघडा टाकून ओल्या-सुक्याच्या दोन्ही बालट्या घेऊन धावले.

परत आले तर दारातच देवेंद्र उभा.

"अरे दादा! तू का बालट्या उचलतोस? दे, मला दे." ज्याने जन्मात स्वतःचा चहाचा कप उचलला नाही, त्याने ओल्या कचऱ्याची बालटी छातीशी धरली. आत भूषणने दादाची खुर्ची पुसून ठेवली होती.

"दादा, तुझी तब्येत उतरली यार," भूषण म्हणाला.

"काल फोनवर म्हणालास पोट सुटलंय."

"ते फोनवर."

काकांना काही उमगेना. त्यांनी ऑपरेशनचं काढलं. देवेंद्रने हात छातीवर नेला. "दिल से सांगतो दादा, एकदम टॉप क्लास करू ताईचं. प्रायव्हेट रूम. तू फक्त बघून घे."

"मी बघून घे म्हणजे? एकेक लाख ठरलेत ना?"

"दादा, पॉइंट नंबर वन," भूषणने बोट वर केलं, "आपण भाऊ आहोत. पॉइंट नंबर टू, भावाभावांत हिशोब कसला?"

"आणि पॉइंट तीन?" आतल्या खोलीतून बेबीताईचा आवाज आला.

"तीन काही नाही, ताई."

"वाटलंच. तोच लाखाचा होता."

दोघे जाताना दादाच्या पाया पडले. दिवाळीला जे वाकत नाहीत ते त्या दिवशी वाकले. काकांना ते स्पर्श पायावर झुरळ चढल्यासारखे वाटले, पण का ते कळलं लॅपटॉपसमोर बसल्यावर. समोर पावणेचार कोटी. त्यांनी मुकाट्याने शंभराने भागलं. ओळीवर पावणेचार लाख आले. पण कोटी तोवर जिना उतरून गेले होते.

मग घराला मुंग्या लागल्या. देवेंद्रची बायको अमिता, जिने बेबीताईला कधी पाणी विचारलं नाही, ती गाजरहलव्याचा डबा घेऊन तीन जिने चढली. "ताई, तुमच्यासाठी हो! तूप घरचं आहे हो!" जाता जाता विचारलं, दादांनी मृत्युपत्र वगैरे केलंय का, नाही आपलं सहज हो. भूषण सकाळ-संध्याकाळ फोन करू लागला, दादा जेवलास का, दादा गोळी घेतलीस का. ऑपरेशनचा विषय काढला की दोघांच्याही मोबाइलची रेंज जायची. काकांनी अमिताच्या डब्याचं झाकण उघडलं आणि लगेच परत लावलं.

"फेकून दे ते," ते म्हणाले.

"हलव्याने काय केलंय?" म्हणत बेबीताईने चमचा मागितला.

शेवटी काकांनी दोघांना पुन्हा बोलावलं. लॅपटॉप मध्ये ठेवला. फाइल उतरवली, भाव आत घेतला, कोटी दाखवले. "हे पेन्स आहेत. आपल्याकडे शंभर पैशांचा रुपया, तसा तिकडे शंभर पेन्सचा पाउंड. आता भागतो. बघा." भागलं. लाख झाले.

दोघे एकमेकांकडे बघून हसले. तेसुद्धा आदराने.

"दादा, आत्ता आमच्या डोळ्यांसमोर तूच आकडा बदललास," भूषण म्हणाला. "आपोआप आला तो पहिला. हाताने केला तो दुसरा. खरा कोणता, क्लासचं पोरगंही सांगेल."

काकांनी शेअरदलालाकडून आलेला कागद पुढे केला. त्यावर लाखच होते. देवेंद्रने तो बघितलाही नाही. "दादा, मी रोज रजिस्ट्रीला बसतो. कागदावर एक किंमत, असली दुसरी. हे मला नको रे शिकवू. पण मानलं तुला! इतकी वर्षं हवा नाही लागू दिलीस!"

चाळीस वर्षं काकांनी इमानाने स्टोअरची किल्ली सांभाळली, तेव्हा या दोघांनी 'आमचा दादा स्टोअरकीपर' म्हणून नाक मुरडलं. आता त्यांना तो चोर वाटत होता, आणि चोर वाटल्यावरच त्यांनी पहिल्यांदा त्याला मान दिला होता. काकांना इतकी शिसारी आली की ते उठून मोरीत गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

"गेले का?" मोरीतूनच विचारलं.

"गेले," बेबीताई म्हणाली. "राहू दे रे चिंतामण. मला कुठे पळायचंय? गॅलरी आहे की."

त्याच दिवशी काकांनी लंडनचे सगळे शेअर विकायला काढले. पैसे यायला पंधरवडा लागला, तेवढे दिवस बेबीताई त्यांच्याशी बोलली नाही. "म्हातारपणाची पुंजी माझ्या हाडांत घालतोस," म्हणून रुसली. मग मुकाट्याने खुर्चीत बसली, आणि आम्ही शेजारपाजारच्यांनी ती खुर्ची उचलून तिला तीन जिने खाली उतरवलं.

ऑपरेशन चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी बेबीताई वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत आली आणि नर्सला म्हणाली, "रस्ता कुठे आहे?" मी डबा घेऊन गेले होते. काका बाकावर बसलेले, तेच बनियान शर्टाच्या आतून दिसत होतं.

"आता दोघांना कळलं असेल ना, शेअर विकून ऑपरेशन केलंत ते," मी म्हटलं. "लाजेने तोंड नाही दाखवणार."

"येतील," काका म्हणाले. "आणि मागतील."

"शक्यच नाही! इतकं कोणी निर्लज्ज नसतं, काका."

"लाव पैज. खोपरा पॅटिस. मी म्हणेन तितके."

लावली.

ते त्याच संध्याकाळी आले. देवेंद्रच्या हातात नारळपाणी, भूषणच्या हातात फुलं. ताईच्या दोन्ही बाजूंना उभं राहून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला, 'आमची ताई, आमची जान'. "वॉकर आला का रे फोटोत?" बेबीताईने विचारलं. "तेवढा एक माझ्या भावाने आणलाय." दोघे मोठमोठ्याने हसले, जणू विनोद दुसऱ्याच कोणावर होता.

मग देवेंद्रने खुर्ची काकांच्या खुर्चीला लावली, छातीवर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. "दादा, दिल से एक बोलू? कॉर्नरचा प्लॉट आहे. आजचा सोन्याचा दिवस. तू तिकडचे थोडेच काढलेस ना... उरलेल्यातून जरा..."

काकांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं आणि चार बोटं वर केली. देवेंद्रचे डोळे लकाकले. त्याला वाटलं, चार कोटी उरलेत.

मी पॅटिस आणायला उठले.