कौसाबाईचे कवेलू

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय — माहीत नाही.

कुरखेड्याकडचं आमचं गाव जंगलाला लागून. कुणाच्या घरात मोठा कोळी निघाला की मला बोलावणं येतं. मी आधी काठीनं ठोकतो, थांबतो, डबा पालथा घालतो, खालून पुठ्ठा सरकवतो आणि त्याला बाहेर नेऊन सोडतो. उघडा हात कधीच नाही. लोक कौतुक करतात. भद्रावतीला कामावर असताना एकदा चावला, तेव्हा शिकलो, असं मी सांगतो. खोटं आहे ते.

चावला तो शेजारच्या कौसाबाईच्या परसात. म्हातारी एकटी राहायची, मुलगी आरमोरीला दिलेली. पावसाआधी मी घर फेरत होतो — छपराचे सगळे कवेलू, म्हणजे कौलं, उतरवून नव्यानं लावत होतो — आणि सहा कमी पडले. तिच्या परसात जुन्या कवेलूंची चळत होती. मागितले असते तर दिले नसते का तिनं? दिले असते. पण मागायची लाज वाटली, चोरायची वाटली नाही! सकाळी ती तेंदूपत्ता तोडायला गेली, तेव्हा मी शिरलो. सहावा उचलताना बोटाला डसला. काळा, केसाळ. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला मी त्याला.

संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला, ताप चढला. कोळी चावला म्हणावं, तर कुठे, हे आलंच. मी गप्प. सगळ्यांआधी हळद कालवून धावत आली ती कौसाबाई. दुसऱ्या दिवशीही ताप उतरेना. माणसं जमली. काकांनी विचारलं, "कोनाच्या घरचं काई खाल्लं होतं काय तू?"

"कौसाबाईनं आंबील देल्ली होती."

खरंच दिली होती. एक अक्षर खोटं नाही! पण तो प्रश्न करणीचा होता, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. आणि बोलल्यावर — लाज वाटते लिहायला — सुटलो, असं वाटलं.

हात आठ दिवसांत बरा झाला. तिच्याशी मात्र बोरिंगवर बायका बोलेनात. हळद आणली तेही उलटलं: हिनंच केलं, म्हणून उतरवायला आली, म्हणे. दिवाळीच्या आत मुलगी येऊन तिला घेऊन गेली.

जाताना कौसाबाई माझ्या दारात थांबली. छपराकडे पाहिलं. तिचे काळे पडलेले सहा कवेलू वेगळे दिसत होते.

"बापू, उरलेले बी घेऊन जाजो. मले आता काई कामाचे नाई. पन आंधी काठीनं ठोकजो. त्यात मकड्या रायते."

मी मान हलवली. एवढंच केलं.

दोन वर्षांनी ती आरमोरीतच वारली. गावात अजूनही तिला करणीवालीच म्हणतात. माझ्यासमोर म्हटलं, तरी मी ऐकून घेतो. दर वर्षी घर फेरताना ते सहा कवेलू उतरवतो, काठीनं ठोकतो आणि पुन्हा त्याच जागी लावतो.