मशीनची शिंक

संगणकाला तार जोडली की तो दुहेरी आवाज काढत असे. आधी खालचा स्वर, मग लगेच वरचा, जणू कुणी दार ढकलून हलकेच आत यावे. तो आवाज आठवला की पाठोपाठ कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास येतो, तापलेल्या धुळीचा वास येतो, आणि टेबलाच्या कडेला तळहात टेकवून, डोळे मिटून बसलेली मोठी आई दिसते.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. दारात कुणी आले की माणसे डोळे वर करतात. ती मिटत असे. आलेला दोन शब्द बोलेपर्यंत ती त्याला ओळखतच नसे. तिची सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. आधी सावनेरला, मग नागपूरला. तिथे हजारो माणसे तिच्या कानातून ये-जा करत होती आणि त्यांतल्या एकाचाही चेहरा तिने पाहिलेला नव्हता. त्यामुळे चेहरा ही गोष्ट तिला जरा वरवरचीच वाटे. "तोंड काय, आरशापुरतं असते," ती म्हणायची, "मानूस राहते आवाजात."

एकदा मी नवा चष्मा लावून तिच्याकडे गेले. मोठे बाबा न्हाणीत होते. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि अदबीने म्हणाली, "बसा, ते आंघोळ करून राहिले." मला ठसका लागला तशी ती दचकली. "अवं, तू होय! अन् मी तुले बसा-बसा करून राहिली. घसा बसला वाटते तुहा?" नुसत्या ठसक्यावरून तिला माणूस कळले होते आणि त्याचा बिघडलेला घसाही.

हे सगळे ती एकाच कानावर करत असे. डावा कान लहानपणी फुटला होता. त्याची गोष्ट ती हसत सांगे, "तो माझ्या आधी रिटायर झाला." उजवा मात्र वारा कोणत्या झाडातून येतो तेही सांगू शके. त्या उजव्या कानाच्या आत, नसेवर, गाठ निघाली. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी कागदावर कानाचे चित्र काढून समजावले: गाठ वाढली तर जिवाला धोका, म्हणून ती काढावीच लागेल, तिच्याबरोबर ऐकणेही जाईल. मोठी आई चित्राकडे न बघता, डोळे मिटून, त्यांचा आवाज ऐकत होती. ते थांबले तेव्हा तिने एवढेच विचारले, "म्हणजे लाइन कट?" डॉक्टर क्षणभर गोंधळले. मग त्यांनी मान हलवली. ती तिला दिसली नाही. मोठ्या बाबांना तोंडाने "हो" म्हणावे लागले.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "कान जाते त्याचं काही नाही मले. पन तुमी सारे कुठून ओळखू येनार?" तेव्हा मला पहिल्यांदा भीतीचा नेमका आकार दिसला. तिच्यासाठी आम्ही सगळे केवळ गप्प होणार नव्हतो. अनोळखी होणार होतो.

निवृत्तीच्या वेळी तिच्या सोबतिणींनी तिला गाणी ऐकायचा एक प्लेअर दिला होता. तळहाताएवढा, काडेपेटीहून जरा मोठा पडदा असलेला. ती त्याला 'डबी' म्हणत असे. तो खोक्यासकट कपाटात पडून होता. दुसऱ्या दिवशी तो घेऊन ती आमच्या घरी आली. संगणक आमच्याकडे होता. तिने बेत आधीच पक्का केला होता. घरातल्या प्रत्येकाने गाण्याची एक ओळ म्हणायची, ती संगणकात भरायची, त्या ओळीला त्याचा फोटो जोडायचा आणि सगळे डबीत उतरवायचे. ओळ कानावर पडली की पडद्यावर तोंड दिसले पाहिजे. "कान आहे तोवर मले तोंडं पाठ कराचे आहेत," ती म्हणाली. परीक्षेआधीच्या पोरीसारखा तिचा चेहरा झाला होता.

मग आमच्या पुढच्या खोलीत रांग लागली. आई गायली, वडील गायले, शेजारच्या विहारातली सकाळची वंदनाही मी खिडकीशी माइक धरून टिपली आणि तिला विहाराच्या निळ्या फाटकाचा फोटो जोडला. मोठे बाबा हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर एकच ओळ, तीही नेमकी वरच्या जागी घसरणारी, गुणगुणत आलेले. त्या दिवशी ते गरम पाण्याच्या गुळण्या करून, इस्त्रीचा सदरा घालून आले आणि वरची जागा जपून घेऊ लागले. मोठ्या आईने हात वर करून थांबवले.

"अजी, सुरात नका गाऊ. मले ओळखू येनार नाही. रोजच्यासारखं गा."

"रोजच्यासारखं म्हणजे कसं?"

"घसरत."

मोठे बाबा घसरले. ती समाधानाने डोळे मिटून ऐकत राहिली.

संगणक जुना होता. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीसारखी पुढे सरके, मध्येच थबके, आणि ती थबकली की माझा श्वासही थबके. कूलर आणि संगणक एकत्र चालवले की वीज ओढली जाई, म्हणून आम्ही कूलर बंद करत असू. खोली तापत जाई. घामाने माउस हातातून निसटे. मोठी आई टेबलाला तळहात लावून आतली घरघर तपासत असे. "चालू आहे," ती मला सांगे. "अजून चालू आहे." ती संगणकाबद्दल बोलते आहे की स्वतःच्या कानाबद्दल, हे विचारायचे धाडस मला झाले नाही.

दवाखान्यात भरती व्हायच्या आधीचा तो रविवार. सगळी गाणी, सगळे फोटो शेवटचे एकदा डबीत उतरवायचे होते, संगणकाच्या भाषेत 'सिंक' करायचे होते. मी तार जोडली, बटण दाबले आणि पाणी आणायला आत जाताना दारातून मोठ्याने म्हणाले, "मोठी आई, सिंक होतंय हं."

परत आले तर तारेचे टोक तिच्या हातात. पडद्यावर लाल अक्षरे. डबीचा पडदा काळा.

"काढलीस का तार?" माझा आवाज फाटला.

"तूच तं म्हटलं, शिंक आली म्हणून," ती शांतपणे म्हणाली. "असल्या टायमाले मशीन शिंकली तं कशाले पुढं रेटाचं? घटकाभर बसू. पानी पिऊ. मंग लाव."

एरवी ती असले काही मानणारी नव्हती. त्या आठवड्यात मानू लागली होती. कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचणाऱ्या मोठ्या बाबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"काहून वं, आपल्या घरी शिंक-पाल कधीपासून आली? दीक्षा घेऊन पिढ्या झाल्या!"

"दीक्षा तुमच्या आबानं घेतली जी. या मशीननं थोडीच घेतली?"

आम्ही तिघेही हसलो. मोठे बाबा तर खोकेपर्यंत हसले. आणि मग, एकाच क्षणी, माझे आणि त्यांचे हसू तोंडातच थांबले. सावनेरला वादळी पावसात, तारा एकमेकींवर आपटत असताना, कुठल्या तरी खेड्यातून पुटपुटलेला नंबर एका फटक्यात घेणारी ही बाई. मी तिच्यापासून चार हातांवर होते, मोठ्याने बोलले होते आणि तिला शिंक ऐकू आली होती. डॉक्टरांनी अजून हातही लावला नव्हता आणि कान निघाला होता.

आमचे हसू असे मध्येच का तुटले, हे तिला कळले. "नीट बोलत जा ना वं," ती माझ्यावर चिडली. "दातातल्या दातात काहून बोलून राहिली?" मी "हो" म्हणाले. पाण्याचा पेला तिने दोन्ही हातांनी धरला.

डबी पुन्हा सुरू केली तेव्हा ती रिकामी निघाली. मूळ सगळे संगणकात होते, ते पुन्हा भरता येणार होते. पण आठवडाभर ती जे ऐकत, पाहत, पाठ करत होती, तो क्रम, तो सराव मोडला. तिन्हीसांजेपर्यंत आम्ही पुन्हा हिरव्या पट्टीपुढे बसलो. या वेळी मी जागची हलले नाही.

सोमवारी सकाळी ती अंगणात, कानाशी डबी धरून बसली होती. मोठे बाबा नळावर तांब्या भरत होते. डबीत घसरणारी ओळ लागली. मोठी आई कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिली, मग मला म्हणाली, "हा कोन गाऊन राहिला? रेडिओवरचा आहे का?"

फोटो पडद्यावर उमटायला किंचित वेळ लागला. तेवढ्या वेळात मोठ्या बाबांचा तांब्या भरून वाहू लागला.

"हं," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "तुमी होय."

"रेडिओवरचा म्हणते मले!" मोठे बाबा मला म्हणाले. "पाह्य, म्हातारपणी भाव वाढला." मग ते फाटकाशी गेले आणि नुकतीच पुसलेली स्कूटर पुन्हा पुसू लागले. अंगणात संत्र्याच्या साली वाळत घातल्या होत्या; त्यांचा कडवट वास उन्हाबरोबर चढत होता. शेवटी तिने डबी माझ्या ओंजळीत ठेवली.

"गानी काढ."

"सगळी?"

"सगळी. घसरगुंडी पन. आता त्याचा भरवसा नाही. जागा मोकळी कर अन् फोटो भर, मोठे. अन् तोंड मिटलेले नको मले, लग्नातल्यासारखे. बोलतानाचे पाह्यजेत. ओठ कसे हालते ते दिसलं पाह्यजे."

त्या दुपारी संगणकाने प्रत्येक गाण्यामागे मला विचारले, की हे खरेच काढायचे का. मोठ्या बाबांच्या ओळीवर माझे बोट थांबले. तिने स्वतःचे बोट माझ्या बोटावर ठेवून दाबले. नंतर आम्ही फोटो काढले. कॅमेऱ्यासमोर बोलणे अवघड असते; सगळे एक तर ताठरत किंवा हसत. मोठे बाबा दोरीवरच्या सदऱ्यासारखे उभे राहिले.

"काय बोलू?"

"मले रोज बोलता तेच."

त्यांनी फार विचार केला. मग म्हणाले, "चहा झाला का?"

"अजून एकदा," ती म्हणाली. ते चहा विचारत राहिले, मी बटण दाबत राहिले. 'च'ला उघडलेले दात, 'झा'ला खाली आलेला जबडा, 'का'ला वर गेलेल्या भुवया. संध्याकाळी ती डबीत एकेक फोटो सरकवून स्वतःचे ओठ तसे करून बघत होती. आवाज न काढता.

दुसऱ्या दिवशी ती भरती झाली. शस्त्रक्रिया नीट पार पडली. जिवाचे भय टळले. ऐकणे गेले, डॉक्टर म्हणाले होते तसेच, पूर्ण.

त्यानंतर मोठी आई बरीच वर्षे जगली. ओठ वाचायला शिकली, चुकीचे वाचून भांडायला शिकली, समोरच्याने तोंडावर हात ठेवला की तो हात खाली करायला शिकली. पुढे पुढे तर मला आरशासमोर उभी करून, "तुही हनुवटी तुह्या आजीची आहे, मले इतके वर्ष ठाऊकच नव्हतं," असे सांगू लागली. गेल्या हिवाळ्यात ती गेली. लोक तिच्या आठवणी काढतात त्या एक्स्चेंजच्या, तिच्या तल्लख कानाच्या. माझ्या मनात मात्र तिची मूर्ती उभी राहते ती शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या भेटीतली.

वॉर्डात स्पिरिटचा आणि उकडलेल्या मुगाचा वास होता. तिच्या डोक्याभोवती पांढरी पट्टी होती. सिस्टरने पाटीवर लिहून तिला औषध सांगितले. मोठे बाबा उशाशी बसून, तोंड घट्ट मिटून, नुसत्या हातांनी पाणी, उशी, पंखा असे काही काही विचारत होते. कुणीच बोलत नव्हते. जणू तिला ऐकू येत नाही म्हणून आम्हा सगळ्यांचीच वाचा बसली होती. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले. तिची नजर माझ्यावर आली आणि तशीच राहिली. त्यात ओळख आहे की नाही, ते मला कळेना. मी तिच्याकडे बघणे टाळून पर्समधून कागद काढला, त्यावर 'बरं वाटतंय का?' असे मोठ्या अक्षरांत लिहिले आणि तो तिच्यासमोर धरला.

तिने कागद वाचला नाही. सुई टोचलेल्या हाताने तो सावकाश खाली केला, माझ्या चेहऱ्याकडे बघितले, ओठांशी नजर आणून थांबवली, आणि स्वतःचाच आवाज कानावर येत नसल्यामुळे इतक्या मोठ्याने, की पलीकडच्या पलंगावरची बाई दचकून उठली, मला म्हणाली,

"बोल."