शेवटच्या पानापासून

इंदूरच्या मल्हारगंजातल्या शरद पोतनीसांच्या क्लासला आलेला नवा माणूस पहिल्या दिवशी हमखास गोंधळतो. कुणी कापडवाला असतो, कुणी नमकीनवाला, कुणी हातोदच्या मंडीतला आडत्या. मोठ्या कंपन्यांचे इंग्रजी करारनामे हल्ली यांच्याही दारात येतात, म्हणून बिचारे संध्याकाळी शब्द शिकायला बसतात. सर कराराचा नमुना हातात देतात. माणूस पहिलं पान उघडतो आणि सर म्हणतात, "उलटा. मागून सुरू करायचं."

"सरजी, जेवणाच्या आधी बडीशेप देताय," एक जण म्हणालाही. सगळे हसले. सर हसले नाहीत.

पूर्वी ते पुढूनच शिकवत, आणि झकास शिकवत. पीथमपूरच्या एका कारखान्यात वकीलसाहेबांनी सांगायचं आणि यांनी टाइप करायचं, यात त्यांचा जन्म गेला. करारांची भाषा बोटांतून डोक्यात शिरली होती, पण तिथे त्यांचं मत कुणी कधी विचारलं नाही. निवृत्तीनंतर क्लास काढला आणि ही दबलेली हौस उसळून वर आली. "'व्हेरअस' आलं की घाबरू नका, ती नुसती प्रस्तावना. 'शॅल' म्हणजे करावंच लागेल. 'मे' म्हणजे मनात आलं तर. आता बघा, तुमच्या नावापुढे 'शॅल' किती आणि कंपनीच्या नावापुढे 'मे' किती." दुकानदार पोट धरून हसायचे आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना घेऊन यायचे.

बेबी ही त्यांची मावसबहीण, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. नवरा लवकर गेला आणि तिने जिरावन करून विकायला सुरुवात केली. पोह्यांवर भुरभुरायचा हा मसाला इंदुरात घरोघरी लागतो, आणि कुणाचं चांगलं यावरून माणसं भांडतात. 'बेबीताईचं जिरावन' म्हटलं की भांडण मिटायचं. पाकिटावर तिचा फोटो होता. त्यात ती जरा रागावलेली दिसते, ते तिला मुळीच आवडत नसे. पण गिऱ्हाईक तोच चेहरा बघून पाकीट उचलायचं, म्हणून तिने तो बदलला नाही.

पुण्याच्या एका कंपनीने तिचं जिरावन देशभर विकायचं ठरवलं. पाककृती तिची, नाव तिचं, कारखाना कंपनीचा. मनीष नावाचा त्यांचा तरुण अधिकारी करारनामा घेऊन आला. बेबीने तो तसाच शरदरावांकडे पाठवला आणि सह्यांसाठी अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरला.

शरदरावांनी आदल्या दिवशीच सगळा वाचून काढला. शेवटच्या पानावर त्यांची पेन्सिल थांबली. कंपनी हा करार केव्हाही संपवू शकत होती. संपला तरी नाव आणि फोटो कायमचे कंपनीचेच राहणार होते, आणि बेबीने त्या नावाने किंवा त्याच्यासारख्या नावाने पुन्हा काही विकायचं नव्हतं. त्यांनी खाली रेघ ओढली. उठून गल्लीच्या त्या टोकाला जायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. पण त्यांना वाटलं, उद्या सगळ्यांसमोर नीट क्रमाने समजावू. माणसाला एकदा पाटावर बसायला मिळणार असलं की तो पाट सोडवत नाही.

सकाळी बेबीच्या घरी नातेवाईक जमले होते, स्वयंपाकघरातून आमरसाचा वास येत होता. पहिल्या पानाला कुंकू लागलं. शरदरावांनी 'व्हेरअस' सांगितलं, 'शॅल' आणि 'मे' सांगितलं, लोक हसले, मनीषही हसला. मग ते शेवटच्या पानावर आले आणि खाकरून म्हणाले, "आता समजा हा करार मोडला, तर..."

बेबीने कागदावर हात ठेवला. "दादा, आजच्या दिवशी ते टूटने-बिटनेचं नको रे. बाद में वाचू ना, अपनच तर आहोत."

आता हे आपल्या घरांत कुणाला नवीन आहे? आपण बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बेबी तर यात फारच कडक. दूधवाला चुकून 'जातो' म्हणाला तर त्याला जिन्यावरून परत बोलावून 'येतो' म्हणवून घ्यायची.

"सर, ते स्टॅण्डर्डच असतं," मनीष म्हणाला.

ते स्टॅण्डर्ड नाही, हे शरदरावांना ठाऊक होतं. पण सगळे आनंदात होते, बेबी नव्या साडीत होती, आणि त्यांच्यासाठी आणलेली शाल समोर तबकात घडी करून ठेवलेली होती. त्यांनी पेन्सिल खिशात टाकली. सह्या झाल्या, नारळ फुटला, शाल खांद्यावर आली.

दुसऱ्या दिवशी ते सांगायला म्हणून निघालेही. बेबी दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला पेढे देत होती. त्यांनीही एक खाल्ला आणि परत आले. सही झालीच आहे, आता तिचं मन कशाला मोडा, असं त्यांनी स्वतःला समजावलं. स्वतःची समजूत घालायला इंग्रजी लागत नाही.

दोन वर्षं बरी गेली. मग कंपनीतले साहेब बदलले आणि चार ओळींचं पत्र आलं. करार संपला होता. 'बेबीताईचं जिरावन' मात्र दुकानात येतच राहिलं, त्याच रागावलेल्या चेहऱ्याचं. बेबीने घरी पुन्हा मसाला कुटायला घेतला आणि बिननावाची पाकिटं भरली. एकदा ती दुकानात पाकिटं द्यायला उभी असताना एका बाईने तिचंच पाकीट उलटसुलट बघितलं, खाली ठेवलं आणि दुकानदाराला म्हणाली, "भिया, हे नको, असली बेबीताईवालं द्या." बेबीने पाकिटं पिशवीत परत भरली. घरी येऊन तिने कुटणं बंद केलं.

आणि तरी ती सगळ्यांना सांगत राहिली, "दादाचा काय दोष? इंग्रजीच इतकी कठीण होती की त्यालाही नाही समजली." हे क्लासमध्येही पोचलं. शरदरावांनी ते खोडून काढलं नाही. भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा अडाणी म्हणवून घेणं त्यांना सोपं वाटलं. त्या काळातच त्यांनी शेवटच्या पानापासून शिकवायला सुरुवात केली, पण का ते कुणाला सांगितलं नाही.

भाऊबीजेला बेबी नेहमीसारखी ओवाळायला आली. टिळा लावता लावता म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नकोस रे दादा. आजकालचे वकीलसुद्धा फसतात." तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"बेबी, मला समजलं होतं."

"काय?"

"शेवटचं पान. आदल्या दिवशीच समजलं होतं. मी बोललो नाही."

तिने निरांजन तबकात ठेवलं. "मीच तर नको म्हटलं होतं तुला."

"तू म्हटलंस म्हणून नाही. त्या दिवशी मला वाईट व्हायचं नव्हतं."

बेबीने तबकात सांडलेल्या अक्षता बोटाने गोळा केल्या. मग हळूच म्हणाली, "अपन दोघं फसलो असं वाटायचं रे. तेवढा आधार होता. म्हणजे मी एकटीच फसले."

अर्धवट ओवाळून उठायचं नसतं, म्हणून तिने निरांजन पुन्हा उचललं आणि पूर्ण ओवाळलं. अक्षता टाकल्या, लाडू हातावर ठेवला. शरदरावांनी साडी पुढे केली, ती तिने घेतली आणि पिशवीत ठेवली. मग दारात चपला घालताना, त्यांच्याकडे न बघता, ती म्हणाली, "जाते."